रंग खरवडण्याआधी पाटी वाचा

सप्रेम नमस्कार,
मी मूळचा सांगलीचा, गेली बरीच वर्षं मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारचे आजोबा वारले आणि त्यांच्या मुलांकडून मी त्यांची १९६४ ची लिंकन कॉन्टिनेन्टल कन्व्हर्टिबल विकत घेतली. बाहेरून गडद निळी, आत निळंच चामडं. पंधराएक वर्षं गॅरेजमध्ये झाकून उभी होती. इंजिन हाताने फिरतंय, अजून सुरू केलेलं नाही. टप खाली घ्यायला गेलो तर अर्ध्यात अडकला आणि डिकीचं झाकण उघडंच राहिलं. एका रिस्टोरेशनच्या दुकानाने सांगितलं की गाडी पूर्ण सोडवू, पत्र्यापर्यंत रंग काढू, वरून काळा रंग आणि आत लाल चामडं करू, शोमध्ये काळी-लाल गाडीच जिंकते. मुलगा म्हणतो, जुनं इंजिन काढून नवं फ्युएल इंजेक्शनवालं बसवू. पत्नी म्हणते, धाकटीच्या कॉलेजच्या तोंडावर हा खर्च नको, विकून टाका. माझी तयारी ४० हजार डॉलरपर्यंत आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी निघते तिथे न्यावी आणि पुढे एखाद्या शोमध्ये उभी करावी अशी फार इच्छा आहे. काय करू?
एस. के., नोव्हाय

एस. के., नमस्कार.

दुकानाला होकार दिला नसेल तर देऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मागा, थोडी बुडाली तरी चालेल. तुमच्या पत्रातून मला जे दिसतंय ते खरं असेल, तर तुमच्या गॅरेजमध्ये साठ वर्षं जुना पहिलाच रंग आणि पहिलंच चामडं असलेली गाडी उभी आहे. नवा रंग कितीही वेळा देता येतो, कारखान्यातून आलेला पहिला रंग मात्र एकदा खरवडला की गेला. आजीची पैठणी जुनी झाली म्हणून कुणी ती रंगाऱ्याकडे टाकत नाही.

पण आधी खात्री करा. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं दार उघडा, तिथे धातूची एक छोटी पाटी आहे. तिच्यावरचा गाडीचा नंबर ४ पासून सुरू व्हायला हवा, म्हणजे १९६४. पुढचं वाय हे अक्षर लिंकन जिथे बनत त्या विक्सम कारखान्याचं. त्यापुढचे ८६ हे आकडे चार दारांच्या कन्व्हर्टिबलचे आणि एन हे अक्षर ४३० घनइंचाच्या व्ही-८ इंजिनाचं. बॉडीचा कोड ७४ए असेल. त्याच पाटीवर रंगाचा आणि आतल्या चामड्याचा कोड असतो. दोन्ही कोड निळ्याचे निघाले तर ही गाडी निळी म्हणूनच जन्माला आली, आणि तिला काळी-लाल करणं म्हणजे पैसे मोजून तिची किंमत कमी करणं. मग रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घ्या. ते फार महाग नसतं. दारं, फेंडर (चाकांवरचा पत्रा), डिकी अशा प्रत्येक भागावर पाचसहा ठिकाणी टेकवा. पुट्टी भरलेली असेल तिथे आकडा एकदम उडी मारतो. सीटखाली, दाराच्या कडांना, डिकीच्या आतल्या कोपऱ्यांत जो रंग आहे तोच बाहेर आहे का, तेही पाहा.

काळ्या रंगाबद्दल दुकानाने जे सांगितलं त्याचा मला मनापासून राग आला. लिंकन बनवणाऱ्या फोर्ड कंपनीचे डिझायनर एल्वुड एंगेल यांनी १९६१ च्या कॉन्टिनेन्टलचा आराखडा केला तेव्हा त्याआधीच्या लिंकन गाड्यांवरचा सगळा भपका उतरवून ठेवला होता. सरळ, सपाट बाजू आणि फेंडरच्या वरच्या कडेने पुढून मागपर्यंत जाणारी एक चकचकीत पट्टी, बस्स. हा आराखडा मुळात फोर्डच्याच थंडरबर्ड गाडीसाठी होता. फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा यांनी तो पाहिला आणि चार दारांची लिंकन म्हणून करायला सांगितला. इंडस्ट्रियल डिझायनर्स इन्स्टिट्यूटने त्याला कांस्यपदक दिलं, मोटारीला असा मान क्वचितच मिळतो. अशा सपाट पत्र्यावर काळा रंग चढवला की पत्र्याची प्रत्येक लाट डोळ्यांत भरते. ती लाट घालवायला शेकडो तास घासकाम लागतं, आणि त्या तासांचं बिल तुमच्या नावावर फाटतं. तुमच्या घरापासून फार लांब नाही, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची १९६१ ची कॉन्टिनेन्टल लिमोझिन आहे. आज ती काळी दिसते. पण डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली त्या दिवशी ती गडद निळी होती, काळा रंग नंतरच्या फेरबदलात आला. एकदा जाऊन पाहा, आणि मग आपल्या गाडीकडे पाहा.

आता शोबद्दल, कारण तुमचा मूळ गोंधळ तिथेच आहे. सगळे शो एकाच मापाचे नसतात. गाडी कोणत्या वर्गात उभी करायची हे आधी ठरतं आणि त्यावरून तिच्यावर काय काम करायचं ते ठरतं. बहुतेक लोक उलट करतात, खर्च करून बसतात आणि मग वर्ग शोधतात.

हर्शी, पेनसिल्व्हेनिया इथली अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ पासूनची संस्था. तिथे नेहमीच्या वर्गातल्या गाडीला ४०० गुणांपैकी गुण मिळतात, आणि कसोटी एकच असते: डीलरच्या दारातून बाहेर पडताना गाडी जशी होती तशी ती आज आहे का. कारखान्याने दिलं त्यापेक्षा जास्त चकाकी आणली तर त्याचे जादा गुण नाहीत. मूळ वर्षात नसलेली बॅटरी, चुकीच्या पद्धतीचे होजचे क्लॅम्प, चुकीचे स्टिकर, या सगळ्याला गुण कापले जातात. त्याच संस्थेत मूळ स्थितीत राहिलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे, हिस्टॉरिकल प्रिझर्व्हेशन ऑफ ओरिजिनल फीचर्स या नावाचा. तिथे चिरा पडलेलं चामडं, कडेला विरलेला रंग हे दोष धरत नाहीत, गाडी किती मूळची राहिली आहे ते पाहतात. लिंकन अँड कॉन्टिनेन्टल ओनर्स क्लबच्या राष्ट्रीय मेळाव्यांतही न दुरुस्तलेल्या गाड्यांना वेगळं स्थान असतं. या क्लबचे सभासद आजच व्हा. त्यांचं कॉन्टिनेन्टल कॉमेन्ट्स हे नियतकालिक आणि परीक्षकांची नियमपुस्तिका हातात आल्याशिवाय गाडीचा एक स्क्रूही काढू नका. पेबल बीचसारख्या बड्या स्पर्धांचा विचार आत्ता नको, तो वेगळा प्रांत आहे.

तेव्हा माझं मत असं: ही गाडी मूळ स्थितीच्या वर्गात न्या. हे काम स्वस्त आहे, पण सोपं नाही, कारण यात हात आवरावा लागतो. पॉलिश करताना कापडावर निळा रंग उतरला तर घाबरू नका. त्या काळच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसायचा, त्यामुळे रंग कापडावर येतोच. पण त्याचाच अर्थ असा की तो थर संपू शकतो. आजकालचं जोरकस कंपाउंड आणि फिरतं मशीन लावू नका. मऊ कापड, आधी तेलकट ग्लेझ, मग मेण. चामड्याला कंडिशनर द्या, उसवलेली शिवण तेवढी शिवून घ्या, नवा रंग फासू नका. ड्रायव्हरच्या सीटची डावी कड झिजलेली असणारच, ती तशीच राहू द्या. इंजिनाच्या खोलीत रंगाचा डबा नेऊच नका, मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे.

यातलं काहीही करण्याआधी एक वाईट शक्यता तपासून घ्या. कॉन्टिनेन्टलला वेगळी चासी नाही, बॉडी आणि तळ एकच सांगाडा आहे. मिशिगनच्या रस्त्यांवरचं हिवाळी मीठ दाराखालच्या बंद पोकळ्यांत, डिकीच्या तळाला, मागच्या चाकांच्या पुढच्या कोपऱ्यांत साठतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग शाबूत दिसतो. गाडी लिफ्टवर चढवून बोथट टोकाने टोचून पाहा. जॅकने एक बाजू उचलताना पुढच्या आणि मागच्या दारांमधली फट बदलते का ते बघा, ती बदलली तर तळ कमकुवत झालाय. वरवरचा गंज असेल तर थांबवता येतो. पण दाराखालचा मुख्य भाग सडला असेल तर माझा सल्ला बदलेल, आणि मग वहिनींचं ऐकून गाडी आहे तशी विकणं हाच शहाणपणाचा मार्ग. असा सांगाडा सरळ ठेवून कापून जोडणं तुमच्या ४० हजारांत बसणार नाही.

सांगाडा चांगला निघाला असं धरून पुढे लिहितो.

गाडी चालण्याआधी ती थांबली पाहिजे. १९६४ च्या कॉन्टिनेन्टलला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पुढचे डिस्क १९६५ ला आले. मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे, म्हणजे कुठेही एक रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अडीच टनांच्या आसपासची गाडी आहे ही. सगळ्या रबरी नळ्या, चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर बदला किंवा नीट करून घ्या, लोखंडी पाइप गंजले असतील तर तेही. इथे मूळ वस्तू राखायचा मोह धरू नका. परीक्षक नव्या ब्रेक होजला नावं ठेवत नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तो आकडा जुना असेल तर नक्षी कितीही खोल दिसो, टायर गेलेला समजा. मूळ माप ९.१५-१५, बारीक पांढऱ्या पट्टीचे. त्याच रूपाचे रेडियल मिळतात. जुने टायर गाडीबरोबर दाखवायला म्हणून गॅरेजमध्ये जपून ठेवा.

इंजिनाला घाई करू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवसांनी हाताने फिरवा. टाकी उतरवून धुवा, कारण पंधरा वर्षांच्या पेट्रोलचा डिंक झालेला असेल. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला चालत नाही, तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या जातीचा घ्या. ऑइल घेताना जुन्या पद्धतीच्या कॅमसाठी जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं मागा. आणखी एक गोष्ट, जी नव्या मालकांना हमखास चकवते: या गाडीचे वायपर विजेवर चालत नाहीत, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. बोनेटखाली मागच्या बाजूला तेल गळताना दिसलं तर स्टिअरिंग उघडण्याआधी वायपरची मोटर बघा.

चिरंजीवांना सांगा की हे ४३० चं इंजिन टाकाऊ नाही. ३२० अश्वशक्तीचं आहे आणि त्याची घडण वेगळीच: ज्वलनाची जागा हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्येच आहे, ब्लॉकचा माथा तिरका कापलेला आणि हेड खालून सपाट. त्या काळी विक्सममध्ये प्रत्येक इंजिन गाडीत बसवण्याआधी ३ तास मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर चालवून तपासत आणि तयार गाडी १२ मैल रस्त्यावर फिरवून मगच पाठवत. दोन वर्षं किंवा २४ हजार मैलांची वॉरंटी देण्याची हिंमत कंपनीने त्याच जोरावर केली. नवं इंजिन टाकलं की नंबरातलं एन हे अक्षर खोटं पडतं आणि मूळ स्थितीच्या वर्गाचं दार बंद होतं. आणि हा विक्सम कारखाना तुमच्या शेजारच्याच गावात होता, २००७ ला तो बंद झाला. गाडी ज्या गावात बनली त्याच्या शेजारीच ती जपली जातेय, हे मुलाला एकदा नीट सांगा.

त्याचा उत्साह मात्र वाया घालवू नका. त्याला टपाचं काम द्या. या गाडीचं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात छळणारं यंत्र तेच आहे, आणि तरुण डोक्याला त्याचा नाद लागला की बाकी सगळं आपोआप आवडायला लागतं.

हे यंत्र फोर्डने १९५७ ते १९५९ च्या स्कायलायनरसाठी केलेल्या पत्र्याच्या घडीच्या टपावरून आलं. बटण दाबलं की कामं ठरलेल्या क्रमाने होतात. डिकीच्या झाकणाची कुलुपं सुटतात. झाकण मागच्या कडेवर फिरून उघडतं, म्हणजे नेहमीच्या डिकीच्या उलट. मग टप पुढच्या काचेच्या चौकटीपासून सुटतो, वर उठतो, घडी होत डिकीत जाऊन बसतो. वरचा छोटा फलक जागा बदलतो, झाकण मिटतं, कुलुपं लागतात. काही हालचाली तेलाच्या दाबावर होतात, काही विजेच्या मोटरींनी फिरणाऱ्या स्क्रूंवर. प्रत्येक काम पुरं झालं की तिथला एक लिमिट स्विच दबतो आणि तो पुढच्या कामाच्या रिलेला, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचला, परवानगी देतो. यात कुठेही संगणक नाही, नुसते स्विच, रिले आणि तारा.

म्हणूनच अडकलेला टप ओढायचा नाही. कुठलं काम शेवटचं पुरं झालं ते पाहायचं, आणि त्या जागेचा स्विच आणि त्यापुढचा रिले तपासायचा. तुमचा टप अर्ध्यात थांबलाय आणि झाकण उघडं आहे, म्हणजे पहिल्या पायऱ्या झाल्या आहेत. शोधाचा पल्ला तेवढाच लहान झाला. सुरुवात मात्र नेहमी बॅटरीपासून करा. हे यंत्र भरपूर करंट खेचतं, व्होल्टेज पडलं की रिले थरथरतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, वर चार्जर लावलेला, आणि बॉडीला जोडलेल्या अर्थच्या सगळ्या तारा घासून स्वच्छ केलेल्या. मग १९६४ चंच दुकान-मॅन्युअल घ्या. वर्षागणिक वायरिंगमध्ये फरक आहेत, ६३ चं किंवा ६६ चं पुस्तक घेऊन बसलात तर घोळ होईल. मुलाला वायरिंगचा नकाशा मोठा छापून भिंतीवर लावायला सांगा आणि एकेक रिले टेस्ट-लॅम्पने तपासून त्यावर खूण करू द्या. तेलाचे सिलिंडर आणि नळ्या कोरड्या आहेत का ते पाहा. गळत असतील तर दुरुस्त करून देणारे लोक आहेत, आणि अमेरिकेत फक्त याच टपांचं काम करणारी माणसं आहेत. क्लबमधून त्यांची नावं मिळतील.

एक ताकीद: उघडं झाकण लाकडी टेकू देऊन पक्कं करा, बॅटरीची तार काढा, त्याशिवाय कुणीही त्या पोकळीत हात किंवा डोकं घालायचं नाही. झाकण जड आहे आणि त्याला धरून ठेवणारा तेलाचा दाब साठ वर्षांच्या रबरावर अवलंबून आहे.

आता वहिनींचं म्हणणं. त्यांचा हिशेब बरोबर आहे. दुकान म्हणतंय तसं पत्र्यापर्यंतचं काम ४० हजारांत पुरं होणार नाही. कॉन्टिनेन्टलचं क्रोम एकट्याचं बिल पाच आकडी होऊ शकतं, कारण खड्डे पडलेल्या जस्ताच्या ओतीव भागांवर तांबं, निकेल, क्रोम असे थर चढवण्याआधी खूप हातकाम असतं. आणि तो खर्च विकताना परत मिळत नाही. मी सांगतोय त्या मार्गाने ब्रेक, टायर, इंधन, टप, तळाचा गंज एवढंच काम उरतं आणि तुमची बरीचशी रक्कम शिल्लक राहते. आकडा दोघांनी बसून कागदावर लिहा, आणि धाकटीच्या फीची रक्कम त्याच्या बाहेर ठेवा. विमा घेताना ठरलेल्या रकमेचा, म्हणजे अॅग्रीड व्हॅल्यूचा घ्या. नेहमीच्या पॉलिसीत घसारा धरतात आणि अपघातानंतर हातात फारसं काही पडत नाही.

यंदाच्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड जमेलच असं धरू नका, ब्रेक पूर्ण झाल्याशिवाय तर नाहीच. पण ते लांबही नाही. मिशिगनची हिस्टॉरिक नंबरप्लेट घ्या. तिच्यावर मेळावे, मिरवणुका, प्रदर्शनं यांना जाता येतं आणि ऑगस्ट महिन्यात एरवीसारखी गाडी फिरवताही येते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते. तिथे परीक्षक नसतात, लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि प्रत्येकाला आपल्या वडिलांची, काकांची गाडी आठवत असते. त्या गर्दीत तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये सरकायचं असतं, तेव्हा रेडिएटर साफ असू द्या. त्याआधी एखाद्या रविवारी सगळे मिळून हिकरी कॉर्नर्सच्या गिलमोर कार म्युझियमला जा. तिथल्या आवारात लिंकनचं स्वतंत्र म्युझियम आहे. कॅमेरा घेऊन जा, आणि आपल्या गाडीत नसलेलं काय दिसतं ते टिपून आणा.

शोच्या दिवशी गाडीजवळ आग विझवायचं सिलिंडर दिसेल असं ठेवा, अँटिक ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षणात ते लागतंच. परीक्षक आले की दारं, बोनेट उघडून बाजूला उभे राहा, आणि विचारल्याशिवाय बोलू नका. गाडीबरोबर एक फाइल ठेवा: पाटीचा फोटो, जुनी बिलं, ओनर्स मॅन्युअल, तुम्ही केलेल्या प्रत्येक कामाची तारीख. मूळ स्थितीच्या वर्गात या फाइलचं वजन फार असतं. यासाठी एक फोन या आठवड्यातच करा, त्या आजोबांच्या मुलांना. घर आवरताना ते जुने कागद फेकून देत असतील. गाडी घेतल्याची पावती, सर्व्हिसची बिलं, गाडीसमोर उभं राहून काढलेले कुटुंबाचे फोटो, जे मिळेल ते मागून घ्या, आणि त्याबदल्यात गाडी सुरू झाली की पहिली फेरी त्यांना मारून आणायचं कबूल करा.

पाटीवरचे रंगाचे आणि चामड्याचे कोड मला कळवा. दोन्ही जुळले तर सीटच्या शिवणीबद्दल आणि टपाच्या कापडाबद्दल पुढच्या सदरात सविस्तर लिहीन. टपाचं कापड आधीच्या मालकाने एकदा बदललेलं असण्याची शक्यता आहे, तेव्हा त्याच्या कडेचे फोटोही सोबत पाठवा.